बोरीची फांदी

डोंगर चढायचं वेड माझ्या नवऱ्याचं, माझं नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, कारण शहाद्यात आमच्या गल्लीतल्या बायका अजून मला विचारतात, "तुन्हं काय काम शे वं तठे, दगडधोंडामा?" मी ब्लाउज शिवणारी बाई. दिवसभर मशीनवर पाय हलतात तेवढा व्यायाम पुरे, असं माझं साधं मत होतं. पण हा माणूस वीज खात्यात वायरमन. तोरणमाळच्या अंगाला खांब उभे करायचे, तारा ओढायच्या, वादळात तुटल्या की जाऊन जोडायच्या, हे त्याचं काम. गाडी जाईल तिथवर गाडी आणि पुढे पायी. सुट्टीच्या दिवशी माणसं घरात लोळतात. हा म्हणायचा, चल, तुला वरचा तलाव दाखवतो. मी म्हणायचे, जीप जाते ना वर? तर म्हणे, जीपमधून काय दिसतं, पुढच्याचं डोकं.

पहिल्या खेपेला मी चढभर त्याच्या नावाने बोटं मोडली. दुसऱ्या खेपेला जरा कमी. मग कधी तरी माझ्याच लक्षात आलं की सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा उठली, थंडी बसली, गवत वाळलं, की मीच माळ्यावरून बूट काढून पुसायला घेते आहे. तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही जातो. मुलगा शाळेत होता तेव्हा तोही यायचा. आता तो नाशिकला असतो, त्याची नोकरी आहे, त्याची बायको आहे, आणि त्याला डोंगराची नाही तर आमची काळजी आहे.

एकदा वाटेत कॉलेजची मुलं भेटली, पाठीवर अख्खा संसार घेतलेली. त्यातली एक मुलगी सांगायला लागली की हा सगळा डोंगर ज्वालामुखीचा. लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर परत वाहिला, परत थिजला, असे थरावर थर. मी म्हटलं, "आता थंड झालाय ना बाई? नाही तर मी इथूनच मागे फिरते." पोरं हसली. पण तिचं म्हणणं माझ्या पायांना पटलं, कारण चढताना अगदी तसंच लागतं. एक उभा काळा कडा, मधे लाल मातीचा पट्टा, मग सपाट माळ. परत कडा, परत माळ. कड्यावरून चढायला एकच वाट असते, तिथे चुकायचं म्हटलं तरी जमत नाही. माणूस चुकतं ते सपाटीवर. तिथे गुरं पांगतात, शेळ्या पांगतात, लाकडं नेणाऱ्या बाया आपापल्या पाड्याकडे वळतात, आणि त्यांच्या पायांनी आडव्या-उभ्या इतक्या वाटा पडतात की नव्या माणसाला कोणती कुठे जाते ते कळत नाही.

म्हणून इथली माणसं फांदी टाकतात. चार जणं निघाली, की पुढचा जिथे वाटा फुटतात तिथे थांबतो, जवळच्या झाडाची पानांसकट फांदी मोडतो आणि जिकडे जायचं नाही त्या वाटेवर आडवी टाकतो. ही नव्हे, एवढंच तिचं सांगणं. मागून येणारा ती पाहतो आणि दुसरी वाट धरतो. आणि सगळ्यात शेवटचा माणूस ती उचलून बाजूला फेकतो. ते फार महत्त्वाचं. नाही तर आपल्यामागून येणारा एखादा, ज्याला त्याच वाटेने आपल्या घरी जायचंय, तो उगाच घोटाळ्यात पडतो. आमच्यात नवरा कायम पुढे, मी कायम मागे. तो टाकणार, मी उचलणार. बाकी बोलायचं काही नाही. त्याच्या पायाला भिंगरी आणि माझ्या गुडघ्यात वंगण कमी, त्यामुळे चढताना आम्ही एकमेकांना दिसत नसू, पण फांदी दिसली की मला कळायचं, हा माणूस नीट पुढे गेलेला आहे.

त्यातही एक नियम होता, आणि तो नवऱ्याने माझ्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवला होता. फांदी सीताफळाची किंवा सागाची. बोरीची कधीच नाही. सीताफळाच्या पाल्याला शेळ्या तोंड लावत नाहीत. बोरीवर मात्र तुटून पडतात, आणि शेळ्यांनी खाऊन टाकलेली फांदी कुणाला काय वाट सांगणार? हे त्याला दुसऱ्या माळावर राहणाऱ्या एका पावरा आदिवासी म्हातारीने शिकवलं होतं, खांब रोवायला तो तिथे मुक्कामाला असायचा तेव्हा. म्हातारी गेली. आता त्या घरी तिची सून असते, तिच्याकडे आम्ही पाणी प्यायला थांबतो. एकदा मी हौसेने पुढे झाले आणि बोरीची फांदी टाकली, तर त्याने एवढं तोंडसुख घेतलं की विचारू नका. पुढे कितीतरी दिवस कुणी पाहुणा आला की, "आमची बाई शेळ्यांना जेवायला घालते," हे ठरलेलं. मी चहाची कपबशी जरा जोरात आदळायचे.

तो निवृत्त झाला, आणि गेल्या वर्षापासून त्याचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शेजाऱ्याचं नाव. वय झालं, म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. मग एके दुपारी तो बैठकीत उभा होता, भिंतीवरच्या बोर्डासमोर, आणि एकेक बटण दाबून पाहत होता. पंख्याचं कोणतं ते त्याला सापडेना. ज्या माणसाने अर्ध्या तालुक्यात दिवे लावले, त्याला. मी शिवण टाकून उठले, पंखा लावला, आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी त्याच्यासमोरच सगळं समजावून सांगितलं. हळूहळू वाढत जाईल म्हणाले. गोळ्या दिल्या. तो सगळं ऐकून शांतपणे म्हणाला, "चालता येईल ना पण?" डॉक्टर म्हणाले, चाला, चालणं चांगलंच आहे.

मुलाला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, घराभोवती चाला, बागेत चाला, जंगलात कशाला? फोनवर आमची चांगली जुंपली. मी म्हटलं, अरे, त्याच्याकडे आता उरलंय काय? पेपर वाचतो तर मागची ओळ विसरतो. टीव्ही पाहतो तर कोण कुणाची सासू ते कळत नाही. डोंगरावर मात्र अजून गडी पहिल्यासारखा आहे. शेवटी मुलाने एक अट घातली. या हिवाळ्यात जा, पण बाबा एकदा जरी वाट चुकले, तर डोंगर बंद आणि दोघांनी नाशिकला यायचं. "आणि आई, तू खरं सांगशील," म्हणाला. मी म्हटलं, सांगेन. सांगितलं खरं, पण त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. नाशिकच्या तिसऱ्या मजल्यावर हा माणूस गॅलरीतून काय पाहील, हेच डोक्यात फिरायचं.

निघालो त्या दिवशी सकाळी आम्ही पायथ्याच्या गावात उतरलो. हवेत धुकं नव्हतं, नुसता गारठा. त्याने मफलर आवळली, काठी घेतली, आणि चालायला लागायच्या आधी वळून मला म्हणाला, "आज फांद्या उचलू नको वं."

"काबर?" मी म्हटलं. "मांगून येणारा लोक भलतीकडे जातीन ना!"

"राहू दे. मी सांगस ना."

एवढं बोलून गेला पुढे. मला भयंकर राग आला. इतकी वर्षं हाच मला शिकवतोय की शेवटच्याने फांदी उचलायची, आणि आज हाच सांगतो उचलू नको. म्हटलं, झालं, हेही विसरला. पण सकाळी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी तोंड वाजवायला नको, म्हणून गप्प बसले.

पहिला कडा चढून माळावर आले तर वाटा फुटतात तिथे सीताफळाची फांदी, ताजी, देठातून ओल दिसणारी. पुढच्या फाट्यावर सागाचं एवढं मोठं पान, वर दगड ठेवलेला. दगड कधी ठेवत नसे. त्याच्यापुढे अजून एक फांदी. सगळ्या बरोबर, जिथे हव्या तिथे. हात सवयीने खाली जायचा आणि मी तो मागे घ्यायचे. पण मन निवत गेलं. ऊन अंगावर यायला लागलं होतं, पिकलेल्या गवताचा वास येत होता, लांबून कुठून तरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मी मनातल्या मनात मुलाशी बोलत होते, बघ, बघ म्हणावं, एकही चुकली नाही.

दुसरा कडा जरा अवघड आहे. एका जागी हात टेकून चढावं लागतं आणि तिथे काळा दगड ऊन लागूनही गार असतो. तो चढून मी वर आले, दम घेतला, पाणी प्यायले, आणि चालत फाट्यापाशी पोचले. तिथे एक वाट सरळ वरच्या कड्याकडे जाते आणि एक आडवी जाऊन पुढे नाल्यात उतरते, पण फाट्यावरून ते दिसत नाही. नाल्यातली वाट पुढे दाट बांबूत शिरते, आणि त्या बाजूला वस्ती नाही.

फांदी नव्हती.

मी या वाटेकडे पाहिलं, त्या वाटेकडे पाहिलं. दोन्ही सारख्याच मळलेल्या. इतक्या वेळा इथून गेलेली मी, पण कोणती आपली ते मला सांगता येईना. मी कधी वाट पाहिलीच नव्हती, फांदी पाहिली होती. "आवो!" म्हणून हाक मारली. परत मारली. समोरच्या कड्याने माझीच हाक मला परत दिली. मुलाने फोनमध्ये नकाशा घालून दिला होता, तो उघडला, तर त्यात मी नुसत्या हिरव्या रंगात उभी. वाट नाही, नाला नाही, काही नाही. मी फोनला एक शिवी हासडली आणि खाली बसले. हा नाल्यात उतरला असेल तर? बांबूत शिरला आणि मग आपण कुठे निघालो होतो तेच विसरला तर? मी त्याला इथे आणलं. मी भांडून आणलं.

बसले म्हणून दिसलं. नाल्याच्या वाटेच्या तोंडावर लेंड्या पडल्या होत्या, ताज्या, चकचकीत. आणि त्यांच्यात एक काटकी, आडवी. हात लावला तर काटा टोचला. बोरीची फांदी होती. पान एक उरलेलं नव्हतं, कोवळी सालसुद्धा कुरतडलेली, नुसता काटेरी दांडा.

म्हणजे त्याने टाकली होती. बरोबर वाटेवर टाकली होती. तो नाल्यात गेला नव्हता. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसले, एकटीच, माळावर. आणि हसता हसता दुसरं लक्षात आलं. बोरीची! दोन पावलांवर सीताफळाचं झुडूप उभं होतं. ते सोडून या माणसाने काट्यात हात घालून बोर मोडली होती.

तो दांडा मी तिथेच ठेवला आणि सरळ वाट धरली. पण आता डोळे उघडे ठेवून. हे मोहाचं झाड, बुंध्याला ढोली असलेलं. हा दगड, मधोमध चिरलेला. इथे वाट उजवीकडे झुकते. शिवायला घेतलेल्या कापडावर खूण करावी तशी एकेक गोष्ट मनाशी पक्की करत गेले. पुढे त्या म्हातारीच्या सुनेचं घर लागलं. ती अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. हात न थांबवता तिने तिच्या पावरी वळणाच्या मराठीत सांगितलं, तुझा म्हातारा मघाच वर गेला. पाणी प्याला. आमची बाई आली का, असं विचारलं, मग बसला, मग पुन्हा विचारलं, आमची बाई आली का. ती हसत होती. तिला वाटलं, नवऱ्याला बायकोची फार ओढ. मीही हसले आणि पाणी प्यायले.

तो वर कड्याच्या टोकाशी बसला होता, नेहमीच्या जागी. खाली सगळा मुलूख उन्हात पसरलेला, आणि फार लांब, बारीकशी, तापी. मला पाहून त्याचा चेहरा खुलला. "उनी का!" म्हणाला, म्हणजे आलीस का. मी शेजारी बसले, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि लसणाची चटणी काढली. त्याने घ्यायला हात पुढे केला तर अंगठ्यावर लांब ओरखडा, रक्त सुकलेलं.

"हे काय लागलं?"

त्याने अंगठा उलटा-सुलटा करून पाहिला. "काय माहीत," म्हणाला, आणि भाकरी मोडली.

थोड्या वेळाने मीच विचारलं, आवाजात राग न येऊ देता, की फांद्या का उचलायच्या नव्हत्या आज. तो खाली तापीकडे पाहत होता. मला वाटलं, प्रश्नच विसरला.

"उतरताना माले लागतीन त्या," तो म्हणाला. "चढताना याद ऱ्हास. उतरताना सगळं उलटं दिखस."

धुळ्याहून आल्यापासून त्या आजाराबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. मी समजत होते, त्याला कळलंच नाही काय होतंय ते, आणि ते बरंच आहे. त्याला सगळं कळत होतं. सकाळपासून तो ज्या फांद्या टाकत आला, ज्यांच्यावर दगड ठेवत आला, त्या माझ्यासाठी नव्हत्याच. मला रडू आलं आणि मी रडले. तो भाकरी खात राहिला, आणि मधेच त्याने चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला.

उतरताना तोच पुढे निघाला. मी या वेळी अंतर पडू दिलं नाही. वरच्या माळावर त्याच्या फांद्या होत्या, सागाच्या, जागच्या जागी. तो प्रत्येकीपाशी जरा थांबायचा, पाहायचा, मान हलवायचा आणि बरोबर वळायचा. सुनेच्या घरावरून गेलो. मोह गेला, चिरलेला दगड गेला. मग तो फाटा आला आणि तो थांबला.

मी मागे उभी राहिले. त्याने नाल्याच्या वाटेकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. काठी एकदा इकडे टेकवली, एकदा तिकडे. शेवटी तो वळला.

"आठे टाकी व्हती का मी फांदी?"

खोटं सांगता आलं असतं. वाऱ्याने उडाली म्हणता आलं असतं. पण या माणसाने सबंध डोंगराला खुणा केल्या होत्या, त्याला मी खोटी खूण दाखवू?

"टाकी व्हती," मी म्हटलं. "बोरनी. बकऱ्यास्नी खाई टाकी."

"बोरनी?"

"हां."

"मी टाकी? बोरनी?"

मी तो काटेरी दांडा दाखवला. त्याने खाली वाकून पाहिलं. मग स्वतःचा अंगठा पाहिला. कितीतरी वेळ पाहिला. मी वाट पाहत होते की तो चिडेल, नाही म्हणेल, दुसऱ्या कुणी टाकली असेल म्हणेल. तो बारीकसं हसला. "आमची बाई शेळ्यांना जेवायला घालते," हे वाक्य तो पाहुण्यांसमोर मुद्दाम शाळेतल्या मराठीत म्हणायचा, तेच म्हणाला, तशाच सुरात. फक्त 'आमची बाई'च्या जागी त्याने 'आमचा वायरमन' घातलं.

मग वाटेतून बाजूला झाला, काठी पोटाशी धरली, आणि मला जायला जागा करून दिली.

"तू पुढे चाल," म्हणाला.

मी सीताफळाची फांदी मोडली, पानांनी भरलेली, आणि नाल्याच्या वाटेवर आडवी टाकली. त्याच्या समोरच. दोघांनाही दिसत होती, गरज नव्हती, तरी टाकली. आणि पुढे झाले. डोंगरावर त्याच्यापुढे चालायची माझी ही पहिलीच वेळ नव्हती, पण मागची ती एकदाची हौस होती. आता पाठीवर कुणाची तरी नजर आहे हे सारखं जाणवत होतं.

कडा उतरून खालच्या माळावर आलो, तिथे फोनला रेंज येते. आलीच, आणि लगेच वाजला. मुलगा. त्याने सकाळपासून किती वेळा लावला होता देव जाणे.

"आई, कुठे आहात? बाबा चुकले का?"

"नाही. वाट नाही चुकले," मी म्हटलं. "फांदी चुकली एक. बोरीची टाकली."

तो लहानपणी आमच्याबरोबर आलेला. बोरीची म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही.

"आता कुठे आहेत? पुढे दिसतात ना तुला?"

"पुढे नाहीत. मागे आहेत."

"बाबा मागे?"

"हो. पुढे मी आहे," मी म्हटलं. "आणि यापुढे मीच असेन. तुझी नाशिकची खोली अजून थोडे दिवस रिकामीच ठेव."

तो नाही म्हणेल म्हणून मी थांबले. तो नाही म्हणाला नाही. "सावकाश उतरा," म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणचा झाला होता.

मी फोन ठेवला. पायाशी सकाळची फांदी होती, त्याच्या हातची, पानं जरा मलूल झालेली. मी ती पाहिली, दुसरी वाट धरली आणि चालत राहिले. मागे काठीचा आवाज आला, थांबला. मग पानांची सळसळ झाली, आणि त्याने ती फांदी उचलून गवतात फेकली, शेवटच्या माणसाने फेकायची असते तशी.